समुद्राचा वास

जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या सकाळच्या एसटीत ती खिडकीशी बसायची. नाव मी मुद्दाम विचारलं नाही. माझ्यासारखीच शिक्षिका, माझ्या आधीच्या फाट्यावर उतरायची. माहेर डहाणूच्या किनाऱ्यावरचं. सोमवारी तिच्या पिशवीत शिंपले, जाळ्याचा तुकडा, असलं काहीबाही असायचं आणि फाट्यावर तिची पोरं "बाई, काय आणलं?" करत तिला झोंबायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

माझ्याकडे नकाशा होता. "बंदर म्हणजे काय?" विचारलं की माझा वर्ग ओरडायचा, "माकड!" आईबापांबरोबर भिवंडीला वीटभट्टीवर जाऊन आलेली पोरं, हिंदी त्यांना माझ्याआधी भेटलेली.

एकदा न राहवून मी तिला विचारलं, "समुद्र कसा शिकवता हो?"

ओढणी सावरत ती हसली. "शिकवत नाही, मॅडम. माहेरून आले की पोरं मला हुंगतात."

हुंगतात! हिला समुद्र जन्मतःच अंगाला लागलेला. त्या संध्याकाळी मी जव्हारच्या बाजारात सुके बोंबील घेतले आणि सकाळी वर्गात पुडी उलगडली. "घ्या, हा समुद्राचा वास."

पुढे बसलेल्या चिमुरडीने नाक लावलं. "बाई, यो तं आमचे घरचा वास!"

मग प्रत्येकाच्याच घरी समुद्र निघाला.

दुसऱ्या दिवशी एसटीत तिने विचारलं, "मग, शिकवला का समुद्र?"

"छे हो, आमच्याकडे कुठला समुद्र?" मी म्हटलं. त्या चिमुरडीचं वाक्य मला तिला द्यायचं नव्हतं.