पुनवेचं उधाण आणि इंग्रजीची पाटी

पनवेलच्या खाडीकाठी एका परदेशी कंपनीचं कंटेनर यार्ड होतं. तिथला मुकादम विठू कोळी. पिढीजात मासेमारीतला गडी, तिथीवरून भरती अशी सांगायचा की घड्याळ लाजावं. २०११ साली साहेब आला जपानी, इंजिनियर जर्मन, म्हणून कंपनीने फर्मान काढलं: मीटिंगमध्ये फक्त इंग्रजी. तशी पाटीही भिंतीवर लागली.

एके दिवशी मीटिंगमध्ये विठू उठला. "उद्या पुनव हाय. दुपारी उधानाचं पानी खाडीकडच्या खालच्या रांगेत शिरंल. माझी बारा मानसं तिथं राबतात. रांग रिकामी करा."

"विठूकाका, इंग्लिश प्लीज," नवीन पनवेलला राहणारा मराठी मॅनेजर सत्यजीत भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवत म्हणाला.

झालं! विठूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुला समाजलं ना रं? मंग सांग की सायबाला! का घरी आयशीकडं भाकर पन इंग्रजीत मागतंस?"

सगळे फिसकन हसले. सत्यजीतने मान खाली घालून साहेबाला सगळं सांगितलं. साहेबाचं इंग्रजीही जेमतेमच. त्याने वहीत यार्डाचं चित्र काढून विठूपुढे धरलं. पाणी जिथवर येईल तिथे विठूने रागारागाने रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला पाणी बरोबर त्या रेघेला टेकलं. रांग रिकामी होती आणि बाराही जण वर उभे राहून चहा पीत होते.

आठवड्याने विठूला कंपनीचं आभाराचं पत्र आलं, तेही इंग्रजीत. विठू पुन्हा भडकला. त्याने ते सत्यजीतच्या हातात कोंबलं.

"वाच. माझ्या बारा जनांसमोर. आन् मराठीत."