पाहून कोण राह्यलं?

‘ते सगळं ठीक आहे, भाऊ. पण पाहून कोण राह्यलं?’

आमच्या लेडीज हॉस्टेलच्या रेक्टरबाई हा प्रश्न विचारताना चष्मा काढायच्या, पदराच्या टोकानं पुसायच्या आणि हातातच धरून समोरच्याकडे बघत राहायच्या. उत्तर मिळेपर्यंत चष्मा डोळ्यांवर परत चढायचा नाही. तुम्हालाही असं एखादं माणूस भेटलं असेल, की त्याचं चुकतंय असं म्हणता येत नाही आणि त्याच्याबरोबर काम करायचं म्हणजे डोक्याला नुसता ताप. माझ्या वाट्याला ह्या बाई आल्या होत्या.

मी त्या कॅम्पसमध्ये इलेक्ट्रिशियन होतो. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या जरा अलीकडे. घाटकोपरहून बस पकडून यायचं, जळलेले पंखे, उडालेले फ्यूज, ट्यूबलाइटचे चोक असलं बघायचं आणि घरी जायचं. सुखात होतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कॅम्पसात चोऱ्या सुरू झाल्या. लॅबमधली मीटरं गेली, ऑफिसातला टाइपरायटर गेला. आमचे एक ट्रस्टी नुकतेच परदेशात जाऊन आले होते. तिकडे दुकानादुकानात कॅमेरे बघून त्यांचे डोळे दिपले होते. झालं! चार कॅमेरे, एक काळापांढरा टीव्ही आणि एक व्हीसीआर एवढा संसार माझ्या गळ्यात पडला. शिकवायला कोणी नाही. पुस्तकातली चित्रं बघून बघून मी वायरी ओढल्या.

टीव्ही ठेवला वॉचमनच्या केबिनमध्ये. आता टीव्ही म्हणजे टीव्ही! त्यावर काय दिसतंय ते नंतर. दुपारच्या सुट्टीत केबिनमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. ड्रायव्हर, शिपाई, कॅन्टीनवाले, जो तो चहाचा ग्लास घेऊन हजर. लॅबचं बंद दार दिसलं की ‘बदल रे, बदल!’ असा ओरडा व्हायचा. चार नंबरचं बटण दाबलं की सगळे गप्प. चार नंबर म्हणजे लेडीज हॉस्टेलचं फाटक. त्यात फाटक यायचं, आतलं बाकडं यायचं आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीतली कपड्यांची दोरीही यायची.

एक दिवस बाई कसली तरी किल्ली मागायला केबिनवर आल्या आणि सगळ्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. कोणाला पत्ताच नाही. त्यांनी बराच वेळ टीव्ही बघितला, टीव्ही बघणाऱ्यांनाही बघितलं. मग चष्मा काढला.

‘पाहून कोण राह्यलं?’

केबिन अशी रिकामी झाली की दोन चहाचे ग्लास तिथेच राहिले.

बाई अकोल्याकडच्या. एम.ए. झालेल्या, एरवी अगदी छापील बोलायच्या. राग आला की मात्र थेट गावचं बोलणं बाहेर पडायचं, ‘बघतंय कोण?’चं ‘पाहून कोण राह्यलं?’ व्हायचं, आणि ह्या कॅमेऱ्यांनी त्यांना रोज राग आणला. दुसऱ्या दिवशी त्या रजिस्ट्रारसाहेबांच्या खोलीत शिरल्या. मी तिथे कॉलबेल दुरुस्त करत होतो.

‘कॅमेरा नको असं मी म्हणत नाही,’ बाई म्हणाल्या. ‘मागच्या महिन्यात माझ्याही मुलींच्या दोन सायकली गेल्या. पण फाटकावर पाटी लावा, इथे कॅमेरा आहे म्हणून.’

‘म्हणजे चोराला आधी सांगून ठेवायचं?’ साहेब हसले.

‘मुलींना सांगायचंय. चोरानं वाचलं तर चांगलंच आहे, चोरी तरी नाही करणार.’

 मग बाईंनी एकेक मागणी काढली. टीव्हीसमोर ड्युटीवरच्या वॉचमनशिवाय कोणी बसायचं नाही. कॅमेऱ्याचं तोंड खाली करायचं, गॅलरी दिसता कामा नये. कॅसेट बघायची तर फक्त चोरीसाठी, आणि ती कोणा बाहेरच्याला दाखवायची नाही. साहेबांनी वैतागून सगळ्याला हो म्हटलं. त्यांचं काय जातंय? शिडी माझ्या खांद्यावर होती.

किती वेळा तो कॅमेरा हलवला म्हणून सांगू! खाली केला तर बाकडं दिसतं, आणि बाकड्यावर मुली घरची पत्रं वाचत बसतात. डावीकडे वळवला तर फाटक अर्धंच येतं. शेवटी बाई म्हणाल्या, ‘भाऊ, तुम्ही टीव्हीपाशी बसा. मी चालते.’ मी केबिनमध्ये, वॉचमन मधल्या रस्त्यावर आणि बाई भर उन्हात छत्री घेऊन फाटकापासून आत एकेक पाऊल मागे येतायत. ‘दिसून राह्यले का?’ बाई ओरडणार, वॉचमन तेच मला विचारणार, मी ‘हो’ म्हणणार, तो तिकडे ओरडणार. छत्रीचं टोकही दिसेनासं झालं, तिथे बाईंनी उभं राहून मैदानावर मारतात तशी चुन्याची फक्की मारून घेतली. रेघेच्या आत आलं की कॅमेऱ्यात नाही. रेघ ओलांडली की कॅमेऱ्यात. सगळ्या मुलींना बोलावून ते समजावलं.

‘लक्ष्मणरेषाच झाली की, बाई!’ मी घाम पुसत टोमणा मारला.

‘ती बाईला अडवायला होती,’ बाई म्हणाल्या. ‘ही कॅमेऱ्याला अडवायला आहे.’

ती रेघ झाडूवाल्याच्या झाडूनं पुसायची, पाण्यानं पुसायची, मुलींच्या चपलांनी पुसायची. दर सोमवारी बाई निरोप पाठवायच्या: भाऊ, रेघ. माझ्या घरी भिंतींना चुना लावायचा राहिला होता आणि मी इथे जमिनीला लावत होतो.

व्हीसीआर फक्त रविवारी चालायचा. रविवारी संध्याकाळी तासभर मुलींना भेटायला घरचे यायचे, तेव्हाच गर्दी असायची. कॅसेट महाग, म्हणून एकच कॅसेट. शनिवारी टायमर लावून मी घरी जायचो, सोमवारी येऊन चित्र नीट आलंय का ते थोडं पुढेमागे करून बघायचो. पुढच्या रविवारी त्यावरच नवीन चित्र चढायचं. सोमवारी बाई येऊन हटकून विचारायच्या.

‘पाहून कोण राह्यलं?’

‘मीच, बाई.’

‘काय पाहिलं?’

‘गाडीवाला, दूधवाला आणि...’

‘काय पाहिलं, भाऊ?’

‘काही नाही.’

‘बरं,’ असं म्हणून चष्मा घालायच्या.

अशाच एका सोमवारी एका मुलीचे वडील आले. साताऱ्याकडचे कोणी कंत्राटदार, पांढरा सफारी, आवाज असा की ऑफिसातल्या टायपिस्ट थांबल्या. त्यांच्या नात्यातल्या कोणीतरी कळवलं होतं, की तुमची मुलगी रविवारी फाटकावर कोणाच्या तरी खांद्यावर डोकं ठेवून उभी होती. मुलगी शेवटच्या वर्षाला. परीक्षा तोंडावर. वडील म्हणत होते, आत्ताच्या आत्ता सामान बांध, बास झालं शिक्षण.  पदवी हातातून चालली होती आणि मुलगी नुसती खाली बघत उभी.

रजिस्ट्रारसाहेबांना मात्र आनंद झाला. ‘अहो, तुम्ही बसा! आपल्याकडे टीव्हीची सोय आहे. चहा घ्या, मग कॅसेटच दाखवतो तुम्हाला.’

खरं सांगतो, मलाही हायसं वाटलं. मी सकाळीच कॅसेट बघितली होती. त्यात ती मुलगी होती, रेघ ओलांडून फाटकापर्यंत आली होती. पण पोरगा कुठला? फाटकाच्या बाहेर एक मावशी उभी होती. साधं लुगडं, हातात कापडी पिशवी. मुलीनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं आणि मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी धावत हॉस्टेलवर गेलो.

‘बाई, काळजीच सोडा! कोणी मुलगा-बिलगा नाही, एक मावशी आहे पिशवी घेऊन. दाखवू या, त्यांचं तोंडच बंद होईल.’

बाईंचा चेहरा एकदम उतरला. ‘अजून कोणी पाहिलं?’

‘कोणी नाही.’

‘कॅसेट मशीनमध्येच आहे?’

मी मान हलवेपर्यंत त्या निघाल्यासुद्धा. एवढ्या वयाची बाई जवळजवळ पळत केबिनवर गेली. आत गेल्यावर मला म्हणाल्या, ‘ही मागे न्या, पहिल्यापासून.’ कॅसेट मागे गेली. ‘चित्र चढवायचं बटण कुठलं?’

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ‘बाई, अहो काय करताय? पोरीवर आळ आलाय! तिला सोडवणारी एकच वस्तू आहे, आणि ती तुम्ही पुसणार?’

‘नियम आहे. चोरीसाठी कॅसेट. बाहेरच्याला दाखवायची नाही.’

‘खड्ड्यात गेला नियम! तिचं वर्ष जातंय!’ मी ओरडलो. त्यांच्यावर असा कधी ओरडलो नव्हतो.

बाईंनी चष्मा काढला, पण पुसला नाही. ‘पाहून कोण राह्यलं, भाऊ? त्याचा विचार करा जरा.’ आणि स्वतःच ती लाल खुणेची दोन बटणं एकदम दाबली. इतके दिवस मला बघून शिकल्या होत्या वाटतं. मग स्टूल ओढून मशीनसमोर बसल्या, हात मांडीवर ठेवून. टीव्हीवर दुपारचं रिकामं फाटक होतं, एक कुत्रं झोपलेलं. ते फाटक कालच्या संध्याकाळच्या चित्रावर चढत होतं आणि मी दात-ओठ खात उभा होतो. ट्रस्टींचा फोन आला म्हणून साहेबांना यायला उशीर झाला, चहाही दोनदा झाला असावा. ते आले तेव्हा कॅसेटवर कुत्र्याशिवाय काही उरलं नव्हतं.

‘कोणी पुसली?’ साहेबांचा आवाज चढला.

‘मी.’

‘माझी मुलगी कोणाबरोबर होती?’ सफारीवाले पुढे सरसावले.

‘तुमची मुलगी फाटकाच्या बाहेर गेली नाही. कुठल्या मुलाशी बोलली नाही. मी रेक्टर आहे, मी सांगते.’

‘मला तुमचं ऐकायचं नाही. मला बघायचंय!’

‘तिला समोर बसवा आणि विचारा. पाहण्यापेक्षा ते बरं. आणि माझा शब्द खोटा वाटत असेल तर मला काढा.’

‘काढणारच आहे!’ साहेब म्हणाले. ‘आजच काढतो!’

आणि गंमत बघा, हे ऐकल्यावर त्या माणसाचा पारा उतरला. कोणाचं तरी काहीतरी वाईट झालेलं बघायचं होतं, ते झालं. थोडा वेळ धुसफुसले, मुलीला चार शब्द सुनावले आणि परीक्षेपर्यंत ठेवतो म्हणून निघून गेले. मुलगी राहिली. बाई गेल्या.

त्यांची ट्रंक मी रिक्षात ठेवली. टेबलावरची बुद्धाची छोटी मूर्ती टॉवेलात गुंडाळून त्यांनी मांडीवर घेतली होती. मी रागातच होतो. चांगली नोकरी, राहायची सोय, सगळं एका हट्टापायी घालवलं, आणि मुलगी सुटली ती नशिबानं, असं माझं मत. बाई म्हणाल्या, ‘रेघ तेवढी पुसू देऊ नका, भाऊ.’ मी ‘बरं’ म्हटलं, तेही तोंड वाकडं करून.

नव्या रेक्टरबाईंना चुना म्हणजे घाण वाटली. पहिल्याच आठवड्यात पाणी मारून रेघ काढून टाकली. पाटी गेली, कॅमेऱ्याचं तोंड परत वर झालं. मी बोलायला गेलो तर साहेब म्हणाले, तू इलेक्ट्रिशियन आहेस ना?

पुढे निकाल लागला. त्या दिवशी मी फाटकाजवळच्या दिव्याच्या खांबावर काम करत होतो. ती मुलगी मार्कशीट घेऊन आली. पास झाली होती, मरोळच्या एका कारखान्यात नोकरीही लागली होती. फाटकाबाहेर तीच मावशी, तीच कापडी पिशवी. शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि मी शिडीवरच थांबलो. तेच नाक, तीच हनुवटी. आंधळ्यालाही कळलं असतं.

‘रेक्टरबाई कुठे आहेत हो?’ मुलीनं विचारलं. ‘आईला त्यांना भेटायचंय.’

‘गेल्या. गावाला.’

तिचा चेहरा पडला. मग शिडीजवळ येऊन हळू आवाजात तिनं सांगितलं. वडिलांनी आईला घराबाहेर काढून बरीच वर्षं झाली होती. मुलीनं आईला भेटायचं नाही, भेटली तर फी बंद, कॉलेज बंद. आई खारदांड्याला कोणाकडे स्वयंपाक करून राहायची. रविवारी फाटकावर यायची, आत यायची नाही, कारण भेटायला येणाऱ्यांत वडिलांनी तिचं नाव दिलेलं नव्हतं. बाईंना सगळं माहीत होतं. ‘बाबांना अजूनही माहीत नाही,’ मुलगी म्हणाली. ‘पहिला पगार झाला की मी आणि आई खोली घेणार आहोत.’

मी शिडीच्या पायरीवर टेकलो.  माझी मावशी त्या माणसाला बायको दिसली असती. आणि बाई, अहो बाई, मला एका शब्दानं सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? मी काय गावभर केलं असतं? अजूनही कधी आठवलं की मी त्यांच्याशी असाच भांडतो. त्या समोर नाहीत, म्हणून सगळी भांडणं मीच जिंकतो आणि एकाही जिंकण्यात मजा नाही.

आई फाटकाच्या आत यायला बिचकत होती. जमिनीकडे बघत म्हणाली, ‘इथं पांढरी रेघ होती ना, भाऊ? आता कुठवर दिसतं?’

‘आता सगळीकडेच दिसतं, मावशी,’ मी म्हणालो.

मुलीनं तिचा हात धरला आणि तिला आत बाकड्यावर नेऊन बसवलं. पिशवीतून डबा निघाला. मी शिडी उचलली आणि केबिनवर गेलो. टीव्हीवर चार नंबर लागलेला होता. बाकड्यावर दोघी, एक दुसरीला भरवत होती.

आमचा मालवणचा वॉचमन पुढे वाकून निरखून बघत होता. ‘ती बाई कोण आसा हो? आधी कधी आत दिसली नाय ती?’

मी हात लांब करून बटण दाबलं. लॅबचं बंद दार आलं.

‘काही नाही,’ मी म्हणालो.