गाळलेला मध

गेल्या वैशाखात माझी बायको, सुधा, वारली. वर्षश्राद्धाच्या पानात तिच्या आवडीचं वाढायचं होतं. तिला मध आवडायचा, पण बाटलीतला नाही. पोळ्याचा तुकडा चघळायची आणि उरलेलं मेण खिडकीच्या चौकटीला चिकटवायची. ते खरवडायचं काम माझं.

शिवाजी पेठेत सगळे दुकानदार मला बाटल्याच दाखवत राहिले. शेवटी श्राद्धाच्या आदल्या दिवशी मलकापूरची एसटी धरली. पुढे वडाप (माणसं कोंबून नेणारी जीप). शेजारी बसलेल्या बाईची कोंबडी शेवटपर्यंत माझ्या पुस्तकावर बसून होती.

शाहूवाडीच्या डोंगरात हिंदुराव रानातला मध काढतात. पाल्याचा धूर करून त्यांनी जांभळाच्या ढोलीत हात घातला. सातेरी (ढोलीत राहणारी मधमाशी) त्यांना सोडून माझ्या कानाला डसली.

"पावणं, हलू नगा म्हटलं हुतं की!"

"मी हललोच नाही."

"मग तुमचा वास आवडला आसंल."

पिलांचा भाग त्यांनी माश्यांसाठी ठेवला, मधाचा तेवढा कापून डब्यात घेतला. पोळ्याच्या घरांवर पांढरी झाकणं होती. वर्षभरात पहिल्यांदाच मला कुणाला तरी काही दाखवावंसं वाटलं.

त्यांच्या घरी नाचणीची भाकरी, आमटी झाली. मी हात धुऊन येतो तोच हिंदुरावांच्या बायकोनं, शेवंताबाईंनी, माझ्यापुढं बाटली ठेवली. पोळं फडक्यातून पिळून झालं होतं.

"अहो, मला पोळंच हवं होतं! यांना सकाळपासून सांगतोय."

"पावण्याला चोथ्यासकट द्यायचं व्हय? गाव हसंल की!" मग नवऱ्याकडं वळून, "तुमाला सांगाय काय झालतं?"

हिंदुराव आढ्याकडं बघू लागले. मी कपाळाला हात लावला. उद्या श्राद्ध आहे, आणि पोळं कशाला हवं होतं, ते सांगितलं. शेवंताबाई परसात गेल्या, टाकलेला मेणाचा गोळा उचलून आणला, पानात बांधला.

"चघळून बघा. आजून गोड हाय."

दुसऱ्या दिवशी पानात वाटीभर मध वाढला, शेजारी मेण ठेवलं. पाहुणे गेल्यावर त्यातला तुकडा मी तोंडात टाकला. गोडवा थोडा वेळ टिकला, मेण संपेना. टाकायचं कुठं तेही कळेना.

खिडकीच्या चौकटीला मेण आहे. मी ते खरवडलेलं नाही.