बाईंनी आणलेल्या गाठी

सुनंदाबाईंची नि माझी पहिली गाठभेट भांडणासाठीच झाली. माझी नात प्राची शाळेतून रोज उशिरा येई, म्हणून तिला ओढून न्यायला मी बल्लारपूरच्या सभागृहात गेले. पाहते तर पोरी रिबिनी फिरवताहेत, आणि त्यांना शिकवणाऱ्या पिकल्या केसांच्या बाई त्या पोरींपेक्षा जास्त वाकताहेत.

"काऊन जी बाई, वेण्यांच्या रिबिनी काड्यांले बांधल्या?"

"आजी, बसा. भांडण मंग करू, पयले पाहून तर घ्या."

मग त्यांनी एकेक साहित्य माझ्या हातात दिले. खेळाचे नाव रिदमिक जिम्नॅस्टिक्स; मला ते आजही एका दमात म्हणता येत नाही. संगीताच्या तालावर अंग वळवत हातातली वस्तू खेळती ठेवायची. कमरेएवढे कडे, त्याला हूप म्हणतात. ते उडवून झेलायचे. क्लब म्हणजे दोन चिमुकले मुगदल. दोरीवरून उड्या आम्हीही मारल्या, पण ती छताकडे फेकून, गिरकी घेऊन झेलली नव्हती. चेंडू बोटांनी आवळायचा नाही, तळहातावर नुसता बसू द्यायचा. रिबीन सर्वांत नखरेल. क्षणभर थांबली तरी गुण जातात, आणि गाठ पडली तर खेळच अडतो.

भांडायचे राहूनच गेले.

पावसात भामरागडचा रस्ता बंद झाला, तेव्हा तिकडून खेळ शिकायला आलेल्या दोन मुलींना बाईंनी स्वतःच्या घरी ठेवून घेतले. भाजीत मीठ नसे, असे त्या मुली सांगतात. पण घरी जायची घाई एकीनेही केली नाही.

गेल्या वर्षी प्राचीची निवड पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात झाली. तिचे आईवडील कामासाठी तेलंगणात. घरात मी एकटी. कोणी बोलते आहे असे वाटावे म्हणून टीव्ही लावून मी स्वयंपाकघरात बसे.

पहिल्याच शनिवारी बाई आल्या. पिशवीत गुंतलेल्या रिबिनी.

"आजी, तुमच्या हाताले काम आणलं. पोरी लय गुंता करून ठेवतात."

मी गाठी सोडवायच्या, त्यांनी चहा करायचा. मग प्रत्येक शनिवारी हेच. खेळताना पडलेली गाठ वेडीवाकडी असते. या मात्र शहाण्या, घट्ट, सारख्या अंतरावरच्या. एकदा तर गाठीत पिकलेला केस निघाला.

"तुमच्या पोरी लयच धांदरट आहेत जी बाई."

"हो न आजी, आयकतच नाई."

मला अक्षर येत नाही. हे लिहून घेणारी बाईंची विद्यार्थिनी आता हसते आहे. म्हणजे तिलाही ठाऊक होते.

बाईंना साठ वर्षे पूर्ण झाली. मुलगा त्यांना कायमचे बंगळुरूला बोलावतो आहे. त्यांचे अजून ठरलेले नाही. तुम्ही सांगा, त्या थांबतील, असे लोक मला म्हणतात. मी सांगणार नाही. लेकाने आईला बोलवावे आणि मी दारात आडवे बसावे, हे शोभत नाही.

बाई, तुमचे गुडघे शाबूत राहोत, कंबर अशीच वळत राहो, भरपूर जगा. गेलात, तर तिकडून रिबिनी मात्र पाठवू नका. गाठी सोडवायला मला कधीच आवडले नाही.