शिरूरच्या बोर्डावरच्या मार्थाबाई

मार्थाबाई फोन उचलल्यावर ‘कोण बोलतंय’ असं विचारत नसत. आधी क्षणभर मागचे आवाज ऐकत. आमची मालवाहतुकीची कंपनी. मुख्य कार्यालय शिरूरला एसटी डेपोमागे, शाखा दौंडला. ट्रक कुठे पोहोचला हे ड्रायव्हर वाटेतल्या एसटीडी बूथवरून कळवत. एकाने एकदा सांगितलं, “बाई, न्हावरं गाठलं. अर्ध्या तासात शिरूर.”

“मागं कारखान्याचा भोंगा वाजतोय,” बाई म्हणाल्या. “अजून पाटसलाच हायेस तू. चहा संपव आन् नीघ. आन् पुढच्या येळेला खोटं बोलायचं तर शांत जागा बघून बोल.”

मी तिथे व्यवस्थापक म्हणून रुजू झालो तेव्हा त्यांना टेलिफोनच्या बोर्डावर बारा वर्षं झाली होती. वय पन्नाशीच्या पुढे, लग्न केलेलं नव्हतं. बाहेरच्या दोन लाइनी आणि आतले अठरा फोन त्या एकट्या सांभाळत. डबाही बोर्डासमोरच खात. कारण एकदा विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं. वडील, म्हणजे आप्पा, रेल्वेतून निवृत्त होऊन दौंडला एकटेच राहत. बाई महिन्याच्या पहिल्या रविवारी जात, त्यांच्याबरोबर चर्चमध्ये बसत आणि संध्याकाळच्या एसटीने परतत. शिरूरच्या खोलीवर फोन नव्हता. दौंडच्या शेजाऱ्यांकडे कार्यालयाचाच नंबर होता. “आप्पांचं काय बी झालं तरी निरोप हितंच येणार,” त्या म्हणाल्या. “मग उठू कशी?”

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी तालुक्यात ब्रॉडबँड आलं. इंटरनेटवरून चालणारी फोनव्यवस्था घ्यावी, असं टिपण मी मालकांना दिलं. शिरूर ते दौंड बोलण्याचं वेगळं बिल नाही. ग्राहकाला एकच नंबर, तो छापील यादीतलं बटण दाबून हव्या त्या विभागात जाईल. कोणी फोन उचलला नाही तर यंत्र निरोप साठवून ठेवेल. शेवटचा मुद्दा होता : ऑपरेटरची गरज राहणार नाही. टिपणातली प्रत्येक गोष्ट खरी होती.

मार्थाबाईंना मी समोर बसवून सांगितलं की नोकरी जात नाही, फायलींचं काम मिळेल.

“नोकरीचं न्हाई विचारत, साहेब. आप्पांचा निरोप आला तर?”

“आता तर निरोप हुकणारच नाही. बटण न दाबता कोणी बोललं, तरी ते माझ्या फोनवर साठेल. लाल दिवा लागेल. मी दिवसातून दोनदा ऐकणार आहे.”

“तुम्ही ऐकणार ना? मग झालं.”

सुरुवातीचं स्वागताचं वाक्य त्यांच्याच आवाजात घ्यायचं मी ठरवलं. माझा मजकूर होता, ‘कृपया ध्वनिसंकेतानंतर आपला निरोप नोंदवावा.’ त्या हसल्या. “असं ऐकून आमच्या माणसांची बोबडी वळंल.” मग त्यांनी रोजच्यासारखं म्हटलं, “नमस्कार. बोला, मी ऐकतेय.” मला ते आवडलं. मी तेच ठेवलं.

दुसऱ्याच आठवड्यात एका ड्रायव्हरचा निरोप आला : “बाई, गप का? चिडला का काय? बरं, उद्या पेढं आणतो.” मी तो सगळ्या कार्यालयाला ऐकवला. सगळे हसले. मार्थाबाई हसल्या नाहीत. “त्याला वाटलं, मीच हाय,” त्या म्हणाल्या. वाक्य तेव्हाच बदलायला हवं होतं. मी बदललं नाही.

पुढे एका शनिवारी मी साखर हंगामाच्या वाहतुकीच्या करारासाठी पाटसला गेलो होतो. रविवारी सुट्टी. सोमवारी सकाळी टेबलावरच्या माझ्या फोनचा लाल दिवा लागलेला होता. दोन निरोप होते.

पहिला शनिवारी सकाळी साडेअकराचा. दौंडचे शेजारी यशवंतमामा मोबाइलवरून बोलत होते. “मार्था, आप्पास्नी पहाटंपासून दम लागलाय. दवाखान्यात आणलंय. तू लगोलग नीघ. घ्या आप्पा, मार्था हाय, बोला.” मग एक म्हातारा, धापा टाकणारा आवाज : “मार्थे, जेवलीस का गं?” नंतर काही क्षण नुसता श्वास. मग मामा : “अगं, बोल की त्यांच्याशी.”

दुसरा रविवारचा. “आप्पा गेले. माती आज चारला हाय. तवर थांबतो तुझ्यासाठी.”

मी बाईंना बोलावून रिसीव्हर हातात दिला. दोन्ही निरोप त्यांनी उभ्यानेच ऐकले. पहिला कधी आला होता, एवढंच विचारलं. मी वेळ सांगितली.

“मी हितंच हुते,” त्या म्हणाल्या. त्यांचं फायलींचं टेबल माझ्या फोनपासून दहा पावलांवर होतं. मी नसताना निरोप कोणी आणि कसे ऐकायचे, हे मी कार्यालयात कोणालाच सांगून गेलो नव्हतो.

कंपनीच्या जीपने मी त्यांना दौंडला घेऊन गेलो. ओट्यावर बसलेल्या बायका त्यांना पाहून उठल्या नाहीत. यशवंतमामांनी मान फिरवली. “सांगूनबी आली न्हाईस. काल चारचं पाच केलं आम्ही.” मी पुढे होऊन यंत्राबद्दल सांगितलं, चूक माझी आहे म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“साहेब,” ते म्हणाले, “आमच्या डोळ्यांदेखत वाढलेली पोर ही. तिचा आवाज मी वळखत न्हाई व्हय? ऐकतेय म्हणाली ती.”

शिरूरला परतल्यावर मी त्यांचा आवाज यंत्रातून काढून टाकला.

साठवलेला निरोप तीस दिवसांनी आपोआप पुसला जाई. मुदत संपत आली तेव्हा मी म्हटलं, आप्पांचं बोलणं कॅसेटवर उतरवून देतो.

“नको, साहेब. रोज ऐकायचं आन् रोज गप बसायचं, ते न्हाई जमणार. एकडाव लावून द्या.”

मी पहिला निरोप लावून दिला. बाहेर जायला निघालो, तर त्यांनी हातानेच थांबवलं. त्या खुर्चीत बसल्या. रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला. रिसीव्हरमधून आप्पांचा प्रश्न मलाही अस्पष्ट ऐकू आला. त्यानंतरच्या शांततेत बाई घाईने, मामांचा आवाज सुरू व्हायच्या आत, बोलल्या.

“जेवले, आप्पा.”