बाळंतपणाला गेलेली मासळी

इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर मासळीची काळजी करणारे एक गृहस्थ राहतात. बाकी आम्ही सगळे मासळी खाणारे. ते खाडीत पाला मासा पकडतात, त्याच्या पाठीला नंबराची पिवळी पट्टी टोचतात आणि पाण्यात सोडतात. समुद्रातल्या माद्या अंडी घालायला नदीत जातात, त्या पोचतात का, हे त्यांना शोधायचंय. लिफ्टमध्ये भेटले की म्हणतात, "पोरी बाळंतपणाला माहेरी गेल्यात. एकीचाही निरोप नाही." तोवर एकही पट्टी परत आली नव्हती. मी मान डोलवायचो आणि हातातली बाजाराची पिशवी पाठीमागे धरायचो.

परवाच्या रविवारी बायको पाला साफ करत होती, तर पिवळी पट्टी निघाली. धीर गोळा करून मी ती वाटीत घातली आणि बायकोला पुढे करून त्यांच्या दारात उभा राहिलो.

नंबर बघून ते हळूच म्हणाले, "सोडली तेव्हा पोट गच्च होतं हिचं. वहिनी, आत अंड्यांची गाभोळी होती?"

"कसली गाभोळी, भाऊजी! कोळीण म्हणाली, भरलेली हाय. पोट रिकामंच निघालं. फसवलं म्हणून हे सकाळपासून कुरकुरतायत."

ते मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे अंडी घालून परत येत होती," म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

संध्याकाळी ते घरोघर पेढे वाटत होते. समोरच्या शाहभाभींनी विचारलं, "बेटा हुआ के बेटी?"

"दोनों, भाभी. लाखों में!"

मी मान खाली घालून पेढा खाल्ला. बाळंतीण आमच्या पातेल्यात होती.