डोकं पुढं

‘वय झालं होतं त्यांचं,’ असं सगळेच म्हणतात. सव्वा महिना हेच ऐकते आहे. गंगाखेडच्या ज्या शाळेत मी विज्ञान शिकवते, तिथल्या बायकांनीही हात हातात घेऊन हेच सांगितलं. बोलणाऱ्याचं मन राखायचं म्हणून मी मान हलवत राहिले. आता नाही हलवत. माझी सरूआत्या वयानं गेली नाही. ती उतरणीवर गेली, आणि त्या उतरणीवर तिच्या बाजेला धरून मी चालत होते.

आमची वरची वाडी बालाघाटाच्या डोंगरात आहे. गंगाखेडहून येणारं डांबर पायथ्याला संपतं, तिथून दीड तास पायवाट. वर तीसेक घरं, शेळ्या, दगडातून उगवणारी ज्वारी-तूर आणि सीताफळाची झाडं. दळण खाली, दवाखाना खाली, चौथीच्या पुढची शाळा खाली. फोन लागतो तो एकाच खडकावर, त्याला आम्ही ‘रेंजचा दगड’ म्हणतो. पावसाळ्यात त्यावर उभं राहून कुणी ओरडून बोलायला लागलं की साऱ्या वाडीला कळतं कुणाकडं काय झालं. शहरातले लोक आमचे फोटो बघून म्हणतात, काय शांतता आहे! शांतता आहे, खरं आहे. आजारी माणूस कण्हलं तर चौथ्या घरापर्यंत ऐकू येतं.

वाडीतलं माणूस आजारी पडलं की बाजेवर खाली न्यायचं. बाजेच्या दोन बाजूंना बांबू बांधायचे, चौघांनी खांद्यावर घ्यायचं. आत्या विधवा होऊन माहेरी परत आली तेव्हापासून ही बाज तिच्याच घरात असायची. सुंभ ढिलं पडलं की तीच आवळायची, आणि कुणालाही उतरवायचं असलं की हातात काठी घेऊन ती पुढं चालायची. ‘दगड आला रे... डावीकडून... पाणी हाय, पाय जपून.’ बाळंतिणी, साप चावलेले, झाडावरून पडलेले, सगळे तिच्या मागून उतरले. आणि एक नियम ती कधीच मोडू द्यायची नाही. मेलेलं माणूस आमच्याकडं पाय पुढं करून नेतात. म्हणून जिवंत माणसाला न्यायचं ते डोकं पुढं करूनच. बाज उचलायच्या आधी ती एकदा ओरडून विचारायची, ‘डोकं कुण्या अंगाला हाय?’ आणि चौघं सांगायचे, ‘पुढं हाय, आत्या!’ चढताना यानं काही बिघडत नाही. पण उतरताना पुढची बाजू खाली जाते आणि त्याबरोबर माणसाचं डोकंही. इतक्या वर्षांत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, असं मी म्हणणार नाही. माझ्या ध्यानात आलं होतं.

मी वाडीतली पहिली पदवीधर. बी.एस्सी. हे मी अभिमानानं सांगते, कारण ते आत्याचं काम आहे. चौथीनंतर मला घरी बसवायचं ठरलं तेव्हा ती माझ्या बापाला, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाला, म्हणाली होती, ‘शेळ्या मी राखते तुझ्या. पोरगी खाली जाऊ दे.’ दर सोमवारी दिवस उगवताना ती मला पायथ्याच्या एसटीपर्यंत सोडायला यायची, डोक्यावर सीताफळाची पाटी. बस दिसली की एकच वाक्य. ‘शीक माय. मंग आमाला शिकीव.’ स्वतः अंगठेबहाद्दर. माझ्या वह्या हातात घेऊन आकृत्या बघायची. हृदयाची आकृती बघून म्हणाली होती, ‘ह्ये तर आपल्या पाण्याच्या मोटावानी हाय गं.’ वर्गात तेच उदाहरण मी अजून देते.

रस्त्यासाठी तीन वेळा मोजणी झाली. तिन्ही वेळा फितीचं दुसरं टोक आत्यानं धरलं, साहेबांना ताक पाजलं. तिसऱ्या वेळचा साहेब म्हणाला, ‘आजी, तुमची वस्ती कमी पडते हो, नियमात बसत नाही.’ आत्यानं फीत खाली ठेवली. ‘माणसं कमी पडायलेत व्हय? रस्ता द्या की साहेब, मंग मरायचे थांबतेन अन् भरतेन माणसं!’ साहेब हसला. सगळेच हसले. मतदानाचं यंत्र मात्र दर निवडणुकीला न चुकता वर येतं, मागंपुढं पोलीस, उन्हात त्यावर छत्री. ‘त्या डब्याला धाप लागत न्हाई म्हणून बरं हाय,’ असं ती म्हणायची.

धाप तिलाच लागली. दिवाळीच्या सुट्टीत मी वर गेले तेव्हा तिचे पाय सुजलेले होते. चार दिवस ती आडवीच झाली नव्हती. कणगीला टेकून बसून राहायची, आडवं पडलं की गुदमरायची. हे हृदय थकल्याचं लक्षण आहे, ते मला माहीत होतं. रेंजच्या दगडावरून मी अँब्युलन्सला फोन केला. गाडी पायथ्याला येईल म्हणाले, तिथून पुढं तुमचं तुम्ही. चुलतभाऊ दत्तानं आणखी तिघांना बोलावलं, बाज बाहेर काढली.

मी म्हणाले, ‘आत्या, तुला पाय पुढं करून न्यायचं. उतरताना डोकं वर राहिलं पाहिजे.’

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिला शिवी दिली. ‘पाय पुढं? मेले का मी?’

‘तसं नाही गं...’

‘सुमे, जित्ती हाय मी. डोकं पुढं ठिवा रे!’

चौघांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. आणि मी गप्प बसले. का? कारण अंगणात म्हाताऱ्या उभ्या होत्या. कारण ‘कालिजवाली आली शहाणपण शिकवायला’ हे मी वीस वर्षं ऐकलं होतं आणि मला ते पुन्हा ऐकायचं नव्हतं. जिनं मला शिकून ये आणि आम्हाला शिकव म्हणून खाली पाठवलं, तिलाच शिकवायची वेळ आली तेव्हा मी लोकलाजेला भ्याले. सगळ्यात मोठ्या उतारावर तिचे ओठ निळे पडले. मी ओरडले, ‘दत्ता, फिरव बाज!’ तिथं पाऊलभर वाट. फिरवायला जागा नव्हती. पाठीला हात घालून मी तिला उचलून धरलं, पण तोवर... खाली अँब्युलन्समधला डॉक्टर, माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा, एवढंच म्हणाला, ‘बसवून का नाही आणलं?’

दहाव्याच्या दिवशी एक पुढारी पायथ्यापर्यंत येऊन गेले. गुडघा दुखतो, वर चढवत नाही, तेव्हा घरच्यांनी खाली यावं, सांत्वन करायचं आहे, असा निरोप. मी निरोप उलटा पाठवला, ‘बाज पाठवते. डोकं पुढं करून आणू का पाय, तेवढं कळवा.’ दत्ता घाबरला. ‘अक्का, असं बोलू नै. उद्या आपल्यालाच काम पडंल.’ मी विचारलं, ‘आजवर कोणतं झालंय?’ गाडी वळून गेली.

मग प्रश्न आला बाजेचा. जुनी माणसं म्हणाली, हिच्यावर माणूस गेलंय, दरीत टाका. मी टाकू दिली नाही. आत्याचं हिरवं लुगडं फाडून त्याची पट्टी मी बाजेच्या एका टोकाला गच्च बांधली आणि सगळ्यांसमोर, म्हाताऱ्यांसमोरसुद्धा, सांगितलं, ‘डोकं या बाजूला. आणि ही बाजू नेहमी वर, चढा नाहीतर उतरा. वाट लागली तर माझ्या नावानं लागू द्या.’ एक म्हातारी तोंड फिरवून आत गेली.

मागच्या आठवड्यात दत्ताची सून कविता बाळंतपणात अडली. तिला पाय पुढं करून उतरवलं. सासू सारी वाट रडत होती, ‘मढ्यावानी न्यायलेत गं माझ्या लेकीला.’ कविता उशीला टेकून बसल्यासारखी होती, तिनंच सासूला दटावलं, ‘गप की आत्याबाई, मला समोरचं दिसायलंय समदं!’ तालुक्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. सगळे पेढे खात होते आणि मी बाहेरच्या पायरीवर बसून रागानं रडत होते, कारण बाज फक्त उलटी धरायची होती. एवढंच करायचं होतं... आणि रस्ता असता तर एवढंही नको होतं.

बाज आता परत आत्याच्या खोलीत उभी करून ठेवली आहे. येणारीजाणारी माणसं हिरव्या पट्टीला हात लावून म्हणतात, आत्या गेली पण बाजेत राहिली. मला हे आवडत नाही. तिला बाजेत ठेवू नका. मी अर्ज लिहिले आहेत, लिहिते आहे, प्रत्येक कार्यालयात स्वतः नेऊन देणार आहे, आणि वस्ती नियमात बसत नाही म्हणणाऱ्याला समोर बसवून ही सगळी गोष्ट ऐकवणार आहे. एखाद्या दुपारी वाडीत जावं, आत्याच्या दारात बाज टाकलेली असावी, बांबू सोडलेले असावेत, आणि तिच्यावर कुणीतरी धडधाकट माणूस नुसतं घोरत पडलेलं असावं... मला तेवढं बघायचं आहे.